मुलाच्या हाती मोबाइल नको, वाटी-चमचा द्या



डोंबिवलीतल्या पुष्कळ घरांत सगळे कुटुंब एकत्र भेटते ते रात्रीच्या जेवणालाच. आई-बाबा लोकलच्या गर्दीतून साडेआठ-नऊला घरी येतात. येताना पोळी-भाजी केंद्रातून पोळ्या आणतात. मूल दिवसभर पाळणाघरात किंवा आजीजवळ असते. पाने मांडली, की ते टेबलाखाली शिरते, पाणी सांडते, "मला नको" म्हणून रडते. थकलेली आई मोबाइलवर कार्टून लावून देते. मूल तोंड उघडते, घास जातो आणि घर शांत होते.

ही शांतता आपल्याला महाग पडते. पडद्याकडे पाहत जेवणाऱ्या मुलाला आपण काय खातो आणि पोट कधी भरले, याचे भान राहत नाही. शिवाय दिवसातून एकदाच एकत्र बसणारे कुटुंब तेव्हाही एकमेकांशी बोलत नाही. इंडियन अकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्स या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचा सल्ला असा, की दोन वर्षांखालील मुलांना पडदा दाखवूच नये, आणि दोन ते पाच वर्षांच्या मुलांना दिवसाला फार तर एक तास दाखवावा. तो तास जेवणात तर नकोच.

मूल त्रास का देते?

बहुतेक वेळा त्यामागे हट्ट नसतो. त्याची जेवायची वेळ टळून गेलेली असते, झोप आलेली असते, आणि दिवसभर न भेटलेले आई-बाबा त्याला हवे असतात. त्यातच मोठे वाढतात, बोलतात, आणि त्याने मात्र नुसते बसायचे असते. रिकाम्या हातांना उद्योग सापडतोच.

कोसबाडची शिकवण

ताराबाई मोडक यांनी 1945 साली बोर्डी येथे बालशिक्षणाचे काम सुरू केले. पुढे ते कोसबाडच्या टेकडीवर गेले. अनुताई वाघ त्यांच्या सोबत होत्या. हा भाग तेव्हा आपल्याच ठाणे जिल्ह्यात होता. वारली मुले शाळेत येत नाहीत, म्हणून ताराबाईंनी शाळाच पाड्यावरच्या अंगणात नेली. महागडी साधने न आणता शंख-शिंपले, खडे, पाने, बिया यांतूनच मुलांना शिकवले. मूल स्वतःच्या हातांनी काम करत शिकते, ही मारिया माँटेसरी यांची दृष्टी त्यामागे होती. पाणी ओतणे, वाढणे, पुसून घेणे ही कामेसुद्धा माँटेसरी पद्धतीत शिक्षणच मानली जातात. आपल्या स्वयंपाकघरात हे सगळे आहेच.

घरी काय करता येईल?

तीन वर्षांच्या मुलाला माणसे मोजून चमचे मांडू द्या. चार-पाच वर्षांचे मूल छोट्या तांब्यातून पाणी ओतू शकते, पानात लिंबाची फोड वाढू शकते. थोडे सांडेल. त्यासाठी फडके त्याच्याच हाताशी ठेवा. सहा-सात वर्षांच्या मुलाला कोशिंबीर कालवू द्या. स्वतः कालवलेली कोशिंबीर मूल सहसा चाखून पाहते. जेवणापूर्वीची प्रार्थनाही कधी त्यालाच करू द्या.

घरी यायला उशीर होणार असेल, तर आजीने त्याला सातला थोडा वरण-भात द्यावा. मग आपल्याबरोबर ते दोन घास खाईल, तेवढेही पुरे.

करमणूक हवीच असेल, तर चिऊ-काऊचे घास आहेत, आजीची गोष्ट आहे, "आज काय गंमत झाली?" हा प्रश्न आहे. बाबांनीही आपली गंमत सांगावी.

अमेरिकेतील आहारतज्ज्ञ एलिन सॅटर यांनी एक सोपी वाटणी सांगितली आहे: काय, केव्हा आणि कुठे वाढायचे ते मोठ्यांनी ठरवावे. खायचे की नाही आणि किती, ते मुलाने ठरवावे. त्यामुळे "एवढे संपव, मग चॉकलेट देते" असा सौदा नको आणि धाकही नको. पंधरा-वीस मिनिटांनी मूल कंटाळले, तर त्याला ताट उचलून ठेवायला सांगा आणि उठू द्या. मात्र उठल्यावर पुन्हा घास घेऊन मागे धावू नका.

पहिले चार-पाच दिवस रडारड होईल. त्या दिवसांत मोठ्यांनीही आपापले मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवावेत, कारण मूल आपले ऐकण्याआधी आपल्याला पाहते.