पकड जबड्याची, पाणी पोलादाचं

मासेमारीसाठी नकली माशी बांधायची म्हणजे नखाएवढ्या, कधी त्याहूनही लहान गळावर दोऱ्याचे वेढे देत पिसं, केस आणि लोकर बसवायची. हे चालू असताना गळाने तसूभरही हलता कामा नये. ती जबाबदारी असते टेबलाच्या कडेला आवळलेल्या छोट्या व्हाइसवर. अमेरिका-ब्रिटनच्या बाजारात तो आज अनेक रूपांत मिळतो: गोल फिरणारा, स्प्रिंगचा, जड बैठकीचा, प्रवासात सुटा करता येणारा. जाहिराती फिरण्याचं कौतुक करतात, बैठकीचं करतात, चकाकीचं करतात. पण व्हाइस निवडताना आधी पाहायचा तो जबडा, असं माझं ठाम मत आहे. बैठक पुढे बदलता येते, फिरण्याची सोय नसली तरी निभावतं. जबडा कच्चा निघाला तर बाकीचं सगळं वाया जातं.

इतिहास थोडक्यात आटोपता येतो. व्हाइस रुळण्याआधी माश्या बोटांच्या चिमटीत धरूनच बांधल्या जात. विसाव्या शतकात अमेरिकेतल्या कित्येक पिढ्या इलिनॉय राज्यातल्या एल्जिनच्या डी. एच. थॉम्पसन कंपनीच्या ‘मॉडेल ए’वर शिकल्या. त्याच्या नकला जगभर निघाल्या, भारतातही बनल्या, आणि नवशिक्यांच्या स्वस्त संचांत अजूनही बहुधा तीच घडण दिसते. तिची युक्ती जवळून पाहण्यासारखी आहे. पुढून उभी चिरलेली एक पोलादी दांडी नळीत बसवलेली असते. मूठ दाबली की कॅम, म्हणजे एका बाजूला फुगीर असलेली चकती, त्या दांडीला मागे खेचतो, दांडीचा फुगीर उतार नळीच्या तोंडात रुततो आणि चिरेच्या दोन्ही बाजू गळावर मिटतात. बोटाच्या हलक्या दाबातून कितीतरी पट पकड निर्माण होते. मात्र या यंत्राचा हट्टीपणाही इथेच आहे. गळाची तार जाड असेल तर मूठ अर्ध्यावरच अडते. बारीक असेल तर मूठ शेवटपर्यंत जाऊनही जबडा सैल राहतो. त्यामुळे गळाचा नंबर बदलला की जबडा पुढेमागे करून नव्याने जुळवावा लागतो. मॅसॅच्युसेट्सच्या रीगल कंपनीने हा प्रश्न उलट्या बाजूने सोडवला. तिचा जबडा मुळात मिटलेलाच असतो आणि मूठ दाबली की उघडतो. गळ बारीक असो वा जाड, जुळवाजुळव करावी लागत नाही. एवढ्या साध्या विचाराने रोजची कटकट संपवली, याचं मला मनापासून कौतुक वाटतं.

युक्ती कोणतीही असो, अखेर सगळं येऊन ठेपतं ते धातूवर. गळ कडक पोलादाचा असतो. जबडा त्याहून मऊ निघाला तर गळच त्याच्यावर चर पाडतो, आणि एकदा चर पडला की बारीक तार त्या खाचेत निसटू लागते. उलट जबडा फार कडक ठेवला तर तो ठिसूळ होतो आणि टोकाचा टवका उडतो. कोयत्याला पाणी देणाऱ्या लोहाराला धार आणि चिवटपणा यांचा जो मेळ साधावा लागतो, तोच इथे मिलिमीटरभर टोकात साधायचा असतो. हे पाणी डोळ्यांना दिसत नाही, पण पारखता येतं. गळाचं टोक जबड्यात दडवायचं नाही, टोक आणि काटा दुखावतात. गळ बाकाच्या खालच्या भागात धरायचा. मग गळाच्या दांडीवर बोटाने खाली दाब द्यायचा. चांगल्या जबड्यात दांडी लवते आणि सोडताच जागेवर येते. जबडा वाईट असेल तर अख्खा गळच कलतो.

कुणी म्हणेल, नामवंत अमेरिकी मासेमार ली वुल्फ व्हाइसशिवाय, नुसत्या बोटांत धरून २८ नंबरच्या इवल्याशा गळावरही माशी बांधत. मग जबड्याचं एवढं स्तोम कशाला? पण वुल्फ यांच्या बोटांना दोऱ्याचा ताण कळत होता आणि त्यानुसार ती पकड बदलत होती. व्हाइसला ते कळत नाही. म्हणूनच त्याची पकड आधीपासून भरवशाची हवी. नवशिक्याला स्वस्तातला व्हाइस पुरे, हा दुसरा आक्षेप जास्त पसरलेला आहे आणि जास्त घातकही. जाणकार माणूस सैल जबड्याला सांभाळून घेतो. नवशिक्याला मात्र दोरा सुटला तो आपल्या हातामुळे की यंत्रामुळे, हेच उमगत नाही, आणि दोष तो स्वतःच्या माथी घेतो. तिसरा मुद्दा फिरत्या व्हाइसचा. रेन्झेटीसारख्या कंपन्यांच्या व्हाइसमध्ये गळाची दांडी नेमकी फिरण्याच्या अक्षावर येते, त्यामुळे तार किंवा पीस सलग गुंडाळता येतं आणि माशीची पलीकडची बाजूही तपासता येते. हा फायदा खरा आहे. पण फिरवताना गळ जबड्यात सरकला तर अक्षाच्या अचूकतेला काही अर्थ उरत नाही.

जिग, म्हणजे जड डोक्याचं नकली आमिष, बांधायला घेतली की अडचणी दाटीवाटीने येतात. जिगच्या गळाची मान पुढे वाकवलेली असते, जुन्या घडणीत थेट ९० अंशांत, आणि तिच्यावर शिशाचं डोकं ओतलेलं असतं. डोकं सोळांश औंसाचं, म्हणजे पावणेदोन ग्रॅमचं असलं तरी सगळा भार जबड्यापासून दूर, पुढच्या टोकाला पडतो. फिरत्या व्हाइसमध्ये ते वजन आपोआप खाली झुकतं, म्हणून फिरण्याचा घट्टपणा ठरवणारा स्क्रू नसेल तर एका हाताने व्हाइस रोखून धरावा लागतो. वर आलेल्या नेढ्यात दोरा अडकतो. आखूड दांडीच्या जिगमध्ये डोकं आणि जबडा यांच्यात बोटंही नीट मावत नाहीत, म्हणून जबडा निमुळता हवा. आणि तार जाड असते, म्हणून तो दणकटही हवा. या दोन मागण्या एकमेकींच्या विरोधात आहेत. निमुळत्या टोकात धातूच कमी असतो, आणि बळजबरीने जाड गळ कोंबला तर ते टोक कायमचं फाकतं. महसीरसाठी बांधणाऱ्याला हे विशेष जपावं लागतं, कारण तो मासा कमकुवत गळ तोंडात चिरडतो आणि त्याच्यासाठी जाड तारेवाचून गत्यंतर नसतं. काही कंपन्या बारीक गळांसाठी वेगळे जबडे विकतात, पण ते बदलत बसणं रोजच्या कामात जाच ठरतं. त्यामुळे जिग हेच मुख्य काम असेल तर २२ नंबरच्या बारीक माशीचा मोह सोडून २/० चा जाड गळ दुकानात स्वतः लावून पाहावा, आणि त्या जबड्याची जोडी वेगळी विकत मिळते का, हेही तिथेच विचारून घ्यावं.