रंगीत काचेतून ग्रहदर्शन

म्हैसूर शहराच्या पश्चिमेस बोगादी नावाचा भाग आहे. तेथील एखाद्या गच्चीवर लहान दुर्बीण मांडून जो प्रथमच मंगळाकडे पाहतो, त्याची बहुधा निराशा होते. चित्रांतून ओळखीचे झालेले काळसर प्रदेश त्यास दिसत नाहीत. दिसते ती थरथरणारी एक नारिंगी टिकली. नेत्रभिंगाच्या आतल्या टोकास तांबड्या काचेची चकती बसवून त्याने पुन्हा पाहिले, तर टिकली अंधूक होईल खरी. परंतु सिर्टिस मेजर हा त्रिकोणी डाग त्या वेळी आपल्याकडे असल्यास तो हळूहळू उमटू लागेल.

काचेने प्रकाशात काही भर घातली काय? मुळीच नाही. तिने केवळ काही प्रकाश काढून घेतला. मंगळाची माती लोखंडाच्या गंजाने तांबडी झालेली आहे. ती निळा प्रकाश शोषते व तांबडा परत पाठविते. काळसर खडक तांबडा प्रकाशही फारसा परत पाठवीत नाहीत. म्हणजे दोहोंतील भेद तांबड्या प्रकाशात ठळक असतो आणि निळ्या प्रकाशात जवळजवळ नाहीसा होतो. निळा प्रकाश गाळून टाकला, की उरलेला भेद डोळ्यांत भरतो.

या साध्या गोष्टीने विद्वानांनाही चकविले आहे. 1924 साली राइट या ज्योतिर्विदाने अमेरिकेतील लिक वेधशाळेतून निरनिराळ्या रंगांच्या काचांतून मंगळाची छायाचित्रे घेतली. तांबड्या चित्रात डाग स्पष्ट होते; जांभळ्या चित्रात ते लोपले, ध्रुवावरील शुभ्र टोपी व ढग तेवढे उरले. यावरून मंगळाभोवती निळा-जांभळा प्रकाश अडविणारे धुके असावे, असा तर्क निघाला आणि त्यावर अनेक दशके वाद चालला. पुढे उलगडले ते असे, की पडदा कोठेच नव्हता. जांभळ्या प्रकाशात जमीनच जवळजवळ एकरंगी दिसते. काचेने दाखविले ते खरे होते, त्याचा अर्थ लावण्यात चूक झाली. याउलट 1928 साली कलकत्त्यास रामन व कृष्णन यांनी 18 सेंटीमीटर व्यासाच्या दुर्बिणीच्या भिंगाने सूर्यप्रकाश एकवटून द्रवात सोडला. एकमेकींचा प्रकाश पूर्णपणे अडविणाऱ्या दोन काचांपैकी एक त्यांनी द्रवापूर्वी व दुसरी द्रवानंतर ठेवली. तरीही प्रकाश दिसला. म्हणजे द्रवातच त्याचा रंग पालटला होता!

गुरूसाठी फिकट निळी काच घ्यावी. तिच्यातून तपकिरी पट्टे व प्रसिद्ध तांबडा डाग गडद होतात. तांबड्या काचेतून तोच डाग मावळतो. शुक्राचे ढग साध्या प्रकाशात कोरे दिसतात. 1927 साली रॉस यांनी माउंट विल्सनहून जंबुपार प्रकाशात घेतलेल्या चित्रांत त्यांवरील आकृती उमटल्या. तो प्रकाश आपल्या डोळ्यांस दिसत नाही, म्हणून जांभळ्या काचेवर समाधान मानावे लागते. शनीच्या बाबतीत लाभ थोडाच.

काचांना रॅटन या नावाने चालत आलेले क्रमांक असतात. गडद तांबडी 25 क्रमांकाची काच सुमारे सातवा हिस्साच प्रकाश आत सोडते. पंधरा सेंटीमीटरांहून लहान दुर्बिणीस 21 क्रमांकाची नारिंगी बरी, ती जवळजवळ निम्मा प्रकाश सोडते. मात्र या काचा लावून सूर्याकडे कधीही पाहू नये. नेत्रभिंगाजवळ सूर्याचे तेज एकवटलेले असते. काच क्षणात तडकू शकते आणि डोळा कायमचा जातो. सूर्यासाठीची खास गाळणी दुर्बिणीच्या तोंडावरच बसवावी लागते.

क्षितिजाजवळ हवेचा थर लोलकाप्रमाणे वागून ग्रहास एका कडेने तांबडी व दुसरीने निळी किनार लावतो. एकरंगी काच तीही दूर करते, पण बोगादीकरांना तिची गरज कमी पडते. 27 जुलै 2018 च्या प्रतियुतीत मंगळ ग्रीनिचच्या आकाशात फार तर 13 अंश वर आला, बोगादीस 52 अंश. दुर्दैव असे, की त्या वर्षी जूनमध्येच धुळीच्या वादळाने सारा मंगळ वेढला होता, डाग तांबड्या काचेतूनही पुसट होते, आणि म्हैसुरास तर ते दिवस पावसाळी ढगांचे. 16 जानेवारी 2025 च्या प्रतियुतीत मात्र तो बोगादीवर 77 अंशांपर्यंत चढला, आणि तेही थंडीच्या दिवसांत.