गावकुसाबाहेरचे भूत : शापित गावांच्या चित्रपटांविषयी

भयपटाकडे गंभीरपणे पाहण्याची आपल्याकडे रीत नाही. समीक्षक त्याला हसण्यावारी नेतो, पांढरपेशा वाचक त्याला सवंग म्हणतो आणि अंधश्रद्धेविरुद्ध काम करणारा कार्यकर्ता एका वाक्यात त्याचा निकाल लावतो. तरीही शिरूर-दौंडच्या पट्ट्यात ज्यांचे आयुष्य ऊसतोड, वीटभट्टी, रेल्वेची हमाली किंवा रांजणगाव-कुरकुंभच्या वसाहतींतील कंत्राटी काम यांत जाते, त्या लोकांनी हे चित्रपट मनापासून पाहिलेले आहेत. आधी जत्रेतल्या तंबूत, मग भाड्याने आणलेल्या व्हिडिओवर, पुढे दूरचित्रवाणीवर आणि आता मोबाइलवर. आपल्या माणसांनी जे इतक्या आवडीने पाहिले, त्यात त्यांच्याविषयी काय सांगितले गेले आहे हे तपासणे आपले कर्तव्य ठरते. प्रस्तुत लेखात एकच मुद्दा मांडावयाचा आहे. या चित्रपटांतील भीतीला पत्ता असतो आणि तो पत्ता बहुतेक वेळा गावकुसाबाहेरचा असतो.

१

या चित्रपटांचे हिंदीतील मुख्य उत्पादक म्हणजे रामसे बंधू. त्यांचे वडील फत्तेचंद रामसे हे मूळचे रामसिंघानी. त्यांचा कराचीत रेडिओचा व्यवसाय होता. फाळणीनंतर ते मुंबईस आले व चित्रपटनिर्मितीत पडले. १९७० साली त्यांनी काढलेला 'एक नन्ही मुन्नी लडकी थी' पडला. परंतु त्यात पृथ्वीराज कपूर विद्रूप मुखवटा घालून चोरी करतात, तेवढा प्रसंग पाहायला लोक येत राहिले. मुलांनी त्यावरून धडा घेतला. १९७२ साली 'दो गज जमीन के नीचे' निघाला. महाबळेश्वरच्या विश्रामगृहात मुक्काम ठोकून सुमारे चाळीस दिवसांत आणि साडेतीन लाखांच्या आसपास खर्चात तो पुरा केल्याचे रामसे कुटुंबीय सांगत. तुलसी व श्याम दिग्दर्शन करीत, कुमार कथा लिही, गंगू छायाचित्रण सांभाळी, किरण ध्वनी पाही, अर्जुन संकलन करी. मोठा नट नाही, उभारलेला देखावा नाही. खरा वाडा, खरे धुके आणि रबराचा मुखवटा, एवढ्या भांडवलावर हा धंदा चालला.

पुढे 'दरवाजा' (१९७८), 'पुराना मंदिर' (१९८४), 'तहखाना' (१९८६), 'वीराना' (१९८८), 'बंद दरवाजा' (१९९०) अशी रांग लागली. वितरणाच्या धंद्यात ज्यांना 'बी' आणि 'सी' केंद्रे म्हणत, म्हणजे तालुक्याची गावे, बाजारपेठा, जंक्शने, तिथे या चित्रपटांनी पैसा केला. घोडनदी काय किंवा दौंड काय, ही याच प्रकारची गावे. म्हणजे लहान गावाची कथा लहान गावालाच विकण्याचा हा व्यवहार होता.

आता त्या पडद्यावरचे गाव पाहा. डोंगर महाबळेश्वरचे, राजवाडा मुरुडच्या नवाबाचा. माती सगळी आपली. परंतु मालक मात्र उत्तरेकडचा 'ठाकूर'. गावात एक हवेली, एक पडके देऊळ, एक स्मशान, काही नोकर आणि शेवटी मशाली घेऊन धावणारा जमाव. हा जमाव कोण, त्याची वस्ती कुठे, तो पोट कशावर भरतो, हे एकाही चित्रपटात कळत नाही. गाव शापित आहे म्हणजे हवेली शापित आहे, असे गृहीत धरलेले असते.

२

भुताला जात असते काय? आपल्याकडच्या लोकसमजुती पाहिल्या तर असते. मुंज झाली पण लग्न होण्याआधी मेला तो मुंजा. त्याचा मुक्काम पिंपळावर. विद्या किंवा धन यांत जीव अडकून मेलेला ब्राह्मण तो ब्रह्मसमंध. खवीस कुठे मुसलमानाचा मानतात, कुठे खालच्या गणलेल्या जातीच्या माणसाचा. बाळंतपणात मेलेली बाई हडळ होते. आर. ई. एन्थोव्हेन या इंग्रज अधिकाऱ्याच्या मुंबई इलाख्याच्या लोकसमजुतींवरील १९२४ च्या ग्रंथात भुतांचे असे वर्गीकरण सापडते. जिवंतपणी जी उतरंड, तीच मेल्यावरही! मुंज्याला पार बांधून मिळतो, समंधाला नवस बोलला जातो. खवीस आणि हडळ मात्र झोडपून घालवायची.

भुतांची जागा पाहिली तर मामला अधिकच स्पष्ट होतो. भूत भेटते ते शिवेवर, वेशीबाहेर, ओढ्यापलीकडे, स्मशानाच्या वाटेवर. आता जुन्या गावाचा नकाशा डोळ्यांपुढे आणावा. शिवेची राखण कोणाकडे होती? रात्री वेशीवर वेसकर म्हणून कोण उभा राहत होता? मयताची चिठ्ठी घेऊन अपरात्री परगावी कोण चालत जात होता? सरणाची लाकडे कोण वाहत होता, मेलेले जनावर कोण ओढत होता? पटकी आली म्हणजे मरीआईचा गाडा शिवेपार कोणाला न्यावा लागत होता? ही सगळी कामे महाराच्या वतनात धरलेली होती, आणि ते वतन १९५८ च्या कायद्याने संपले. म्हणजे गावाने ज्या ज्या जागेला भुताची जागा म्हटले, त्या त्या जागी आपला बाप आणि आजा हातात घुंगुरकाठी घेऊन रात्र काढीत होता. गावाला जे भयाचे ठिकाण, ते त्याचे कामाचे ठिकाण होते. वाड्यात झोपलेल्यांनी भुताच्या गोष्टी रचल्या आणि जो बाहेर जागा होता, त्याला कोणी विचारलेच नाही की बाबा, तुला रात्री काय दिसले?

रामसेंनी हा नकाशा शोधून काढला नाही. तो गावाकडे तयारच होता. त्यांनी त्यावर कॅमेरा ठेवला.

३

'पुराना मंदिर' हा या प्रकारातील सर्वांत गाजलेला चित्रपट म्हणून त्याचा विचार जरा विस्ताराने करू. दोनशे वर्षांपूर्वी सामरी नावाचा राक्षसी माणूस मुले व प्रेते खातो. राजा हरिमान सिंह त्याला पकडून त्याचे मस्तक धडावेगळे करण्याची शिक्षा देतो. मरताना सामरी शाप देतो की, राजाच्या वंशातील प्रत्येक बाई बाळंतपणात मरेल. धड एकीकडे पुरले जाते, मस्तक दुसरीकडे बंदिस्त ठेवले जाते. आजचा ठाकूर आपल्या मुलीचे लग्न होऊ देत नाही, कारण लग्न म्हणजे बाळंतपण आणि बाळंतपण म्हणजे मरण.

सामरीचे काम अनिरुद्ध अग्रवाल या उंच, हाडापेराने थोराड अशा नटाने केले. हा मनुष्य शिक्षणाने अभियंता. चेहऱ्यामोहऱ्यामुळे त्याच्या वाट्याला राक्षसच आला. सामरीला गाव नाही, आई नाही, पूर्वायुष्य नाही. तो असा का झाला हे चित्रपट सांगत नाही, आणि प्रेक्षकानेही विचारू नये अशी त्याची अपेक्षा असते. काळा, दांडगा, जटा वाढलेला, प्रेताशी संबंध असलेला, एवढे वर्णन त्याला दोषी ठरवायला पुरते. न्यायनिवाडा राजाचा आणि भुताला आवरणारा त्रिशूळ देवळाचा. 'वीराना'त चेटकीण आणि तिचा मांत्रिक यांची वस्ती अशीच गावाबाहेर. 'बंद दरवाजा'त काळ्या पहाडीवर सैतान राहतो आणि मूल होत नसलेल्या ठाकुराच्या बायकोला तिकडे नेते ती घरातली मोलकरीण. दोष कुठून घरात शिरतो, हे इथे लक्षात घ्यावे.

बाळंतपणातल्या मरणाचे काय? ते आपल्या खेड्यांतले खरे मरण आहे. अंगात रक्त नसणे, दिवस भरेपर्यंत उन्हातान्हात काम, दवाखाना लांब आणि गाडी नाही, ही त्याची कारणे. ज्या बाईला वाचवायला हवे होते तिला लोकसमजुतीने हडळ केले. ज्या मरणाचा जाब विचारायला हवा होता त्याला चित्रपटाने शाप केले. ज्याच्यावर अन्याय झाला त्यालाच भय करून ठेवायचे आणि जाब द्यायचा तो मनुष्य घाबरलेला म्हणून आपली दया घेऊन जातो, ही या कथांची खरी करामत आहे.

४

मग आपले लोक हे चित्रपट का पाहत? ते अडाणी होते म्हणून, हे उत्तर सोपे आहे आणि खोटे आहे. तंबूतला प्रेक्षक भुताला भ्यायचा तितकाच हसायचाही. रबराचा मुखवटा त्याला कळत होता. माझ्या मते त्याच्या आनंदाचे एक कारण निराळे आहे. इतर हिंदी चित्रपटांत ठाकूर हुकूम करतो, चाबूक ओढतो, नाहीतर न्याय देतो. या चित्रपटांत मात्र ठाकूर घामाघूम होतो. त्याच्या हवेलीचे दार आतून वाजते, त्याची बंदूक निकामी ठरते, पूर्वजांनी केलेल्या गोष्टींची वसुली त्याच्या दारात येऊन उभी राहते. दिवसभर दुसऱ्याच्या बांधावर राबलेल्या माणसाला दोन तास का होईना हे दृश्य पाहायला मिळे. वाडवडिलांचे कर्म वंशजांना फेडावे लागते, ही कल्पना धर्माने आपल्याविरुद्ध वापरली; इथे ती क्षणभर वाड्याकडे वळलेली दिसते. राजकुमार कोहली यांच्या 'जानी दुश्मन'मध्ये (१९७९) तर नववधूंना मारणारा राक्षस खुद्द ठाकुराच्याच देहातून बाहेर पडतो. चित्रपट मोठ्या नटांचा होता. पण कळत-नकळत खरे बोलून गेला.

मात्र ही वसुली कधीच पुरी होत नाही. शेवटी त्रिशूळ येतो, भूत जळते, हवेली ठाकुराकडेच राहते आणि जमाव मशाली विझवून घरी जातो. जमीन कोणाची, पाणवठा कोणाचा, हे प्रश्न जिथल्या तिथे. बाबासाहेबांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत खेडे म्हणजे अज्ञानाचे आणि संकुचितपणाचे आगर असल्याचे सांगितले होते. गाव कशाने शापित आहे, याचे ते निदान होते. चित्रपट ते निदान बाजूला सारून गावाला मुखवट्यातला राक्षस देतो.

५

हीच सामग्री दुसऱ्या हातात गेली तर काय होते, याचा दाखला आपल्या साहित्यात आहे. अण्णा भाऊ साठे यांची 'स्मशानातील सोनं' ही कथा आठवावी. रात्र, स्मशान, उकरलेले प्रेत, कोल्ह्यांशी झुंज. भयपटाचे सगळे सामान तिथे आहे. पण भूत नाही. वारणेकाठचा भीमा मुंबईलगतच्या खाणीतले काम सुटल्यावर प्रेतांच्या अंगावरचे सोने शोधू लागतो. वाचकाला धडकी भरते ती भुकेची. ज्याला गाव प्रेतांचा सोबती म्हणून टाळील, त्याच्या बाजूने ही कथा रात्रीकडे पाहते.

अलीकडच्या चित्रपटांनीही थोडी वाट सोडली आहे. राही अनिल बर्वे यांच्या 'तुंबाड'मध्ये (२०१८) शापित गाव कोकणातले, वाडा सरकारांचा आणि हाव ब्राह्मण घराण्यातली. तिथला राक्षस सोने बाळगून आहे. त्याला नाकारलेले आहे ते धान्य. कणकेच्या बाहुल्या टाकून त्याला भुलवायचे आणि सोने पळवायचे, हा पिढ्यान्पिढ्यांचा उद्योग. या राक्षसाकडे आपण भाकरीवाचून ठेवलेला म्हणून पाहिले, तर सगळी कथा उलटी वाचता येते. विशाल फुरिया यांच्या 'लपाछपी'त (२०१७) उसाच्या फडातले घर आहे आणि भय आहे ते गर्भातच मारल्या जाणाऱ्या मुलींचे. मारेकरी बाहेरून येत नाही, घरातच असतो.

उसाचा उल्लेख आला म्हणून सांगतो. भीमा-पाटस आणि घोडगंगा या कारखान्यांच्या या मुलखात रात्रीच्या उसात भुतापेक्षा खरे भय राहते. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात शिरूर तालुक्यातील पिंपरखेड परिसरात बिबट्याच्या हल्ल्यांत लहान मुलांसह काही जीव गेले. भयपटात सगळे नाट्य दाराचे असते. कडी लागते, दार करकरते, दार तुटते. फडालगत पालातल्या कोपीत लेकरे घेऊन निजणाऱ्या ऊसतोड्याला दारच नाही. त्याच्या भीतीवर कोणी चित्रपट काढलेला माझ्या पाहण्यात नाही.

६

हा केवळ रसग्रहणाचा प्रश्न असता तर एवढे लिहिण्याचे कारण नव्हते. गावाबाहेरचा म्हणजे अपवित्र, विद्रूप म्हणजे दुष्ट, एकटी बाई म्हणजे चेटकीण, ही सवय पडद्यावर बसते आणि पडद्याबाहेर माणसांना मार खावा लागतो. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला आणि त्याच वर्षी महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा झाला. त्याच्या अनुसूचीतली १२ कलमे वाचावीत. भूत उतरवण्याच्या नावाखाली दोराने वा साखळीने बांधणे, काठीने किंवा चाबकाने मारणे, मिरचीची धुरी देणे, पादत्राण भिजवलेले पाणी पाजणे हे पहिल्याच कलमात आहे. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत आणि दंड पाच हजारांपासून पन्नास हजारांपर्यंत. ही यादी कोणा कथाकाराने रचलेली नाही. असे केले जात होते म्हणून ती लिहावी लागली.

भयपट पाहू नका, असे सांगून काही साधणार नाही. शिक्षकांनी आणि कार्यकर्त्यांनी तो मुलांबरोबर बसून पाहावा आणि संपल्यावर चार प्रश्न विचारावेत. घाबरले आहे कोण? भूत राहते कुठे? जिवंत असताना त्याचे काय झाले होते? आणि ते मेल्यावर जमीन कोणाकडे राहिली? वर्गात हे प्रश्न टाकले की मुले आपापल्या गावचा नकाशा काढू लागतात, असा माझा अनुभव आहे. वेस कुठे होती, वस्ती कुठे होती, स्मशान कोणाला होते आणि कोणाला नव्हते, हे त्यांना घरून विचारून आणावे लागते. वेशीवर जागलेल्या माणसांची नातवंडे आज महाविद्यालयात आहेत. रात्री काय दिसत होते ते म्हाताऱ्यांना विचारून आता त्यांनीच लिहावे.