अनोळखी चेहऱ्यांची निळी छपाई

मुंबईच्या चोरबाजारात जुन्या फोटोंचे गठ्ठे मिळतात. असा गठ्ठा हाती आला की कलाशाळेच्या विद्यार्थ्याचं पहिलं काम छपाईचं नव्हे, निवडीचं. फोटो उलटून पाहावा. स्टुडिओचा शिक्का, पुसट शाईतली तारीख, अल्बममधून ओरबाडताना चिकटून आलेला काळा कागद. एकाच रंगवलेल्या पडद्यापुढे बसलेली वेगवेगळी कुटुंबं शेजारी मांडली, की गठ्ठ्याचा संग्रह होतो. माझ्या मते खरी कलाकृती इथेच आकार घेते.

छपाईसाठी सायनोटाइप सोपं, कारण डार्करूम लागत नाही. जॉन हर्शेल यांनी १८४२ मध्ये ही पद्धत शोधली आणि पुढच्याच वर्षापासून ॲना ॲटकिन्स यांनी समुद्रशैवालाच्या निळ्या छापांचं पुस्तक काढायला घेतलं. फेरिक अमोनियम सायट्रेट आणि पोटॅशियम फेरिसायनाइड यांचं द्रावण मंद उजेडात कागदावर ब्रशनं लावून वाळवायचं. जुना फोटो स्कॅन करून पारदर्शक शीटवर त्याची निगेटिव्ह काढायची, ती कागदावर ठेवून वर काच दाबायची आणि उन्हात ठेवायचं. ऊन लागलेल्या जागी प्रशियन निळा तयार होतो, बाकीचं द्रावण साध्या पाण्यानं धुऊन जातं. छाप वाळताना निळा आणखी गडद होतो. पुढे चहाच्या पाण्यात बुडवला तर काळसर छटा येते. साबण मात्र लावू नये, रंग फिका पडतो.

मूळ फोटो कापू नये, रंगवू नये. कुणाच्या तरी आजीची ती एकमेव प्रत असू शकते.