बुडबुडे येतात का बघा

बोरी अरबला माझं मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे. अडाणच्या पट्ट्यातल्या विहिरींवरच्या मोटरी जळाल्या की माझ्याकडे येतात, आणि रब्बीत त्या रोजच जळतात. गिऱ्हाईकाचा पहिला प्रश्न ठरलेला : ‘‘भरून देता, की नवीनच घेऊ?’’ तेवीस वर्षं हा प्रश्न ऐकला. गेल्या मे महिन्यात नागपूरच्या एका दवाखान्यात तो मलाच विचारायची पाळी आली. या वेळी वस्तू होती माझ्या किडनीत शिरणारी दुर्बीण.

मुतखडा अकरा मिलिमीटरचा, डाव्या किडनीच्या अगदी खालच्या कप्प्यात. पाच मिलिमीटरच्या आतले खडे बहुतेकदा आपोआप पडतात. दोन सेंटिमीटरच्या वरच्यांसाठी सहसा पाठीतून छिद्र करतात. माझा मधला. डॉक्टरांनी आरआयआरएस सुचवलं, म्हणजे लघवीच्या वाटेनंच वर जायचं, कुठं काप नाही, आणि लेझरनं खड्याची भुकटी करायची. बायकोनं बोअरच्या पाण्याला दोष दिला. डॉक्टर म्हणाले, पाणी कोणतं ते राहू द्या, पिता किती? दुकानात टिनाखाली घामाघूम होऊन मी दिवसभर चहावरच असतो, हे मी सांगितलं नाही, तिनं सांगितलं.

ऑपरेशनची तारीख ठरली आणि पुढं गेली. कारण काय, तर स्कोप, म्हणजे ती दुर्बीण, दुरुस्तीला गेलाय. दुसरा कोणी चिडला असता. मी विचारलं, काय बिघडलं? डॉक्टर हसले आणि त्यांनी मला खाली स्कोप धुणाऱ्या ताईंकडे पाठवलं.

दारातूनच बघितलं. ताईंच्या टेबलावर कामातून गेलेला एक जुना स्कोप होता. काळी लवचीक नळी, जाडी जेमतेम तीन मिलिमीटर. मुठीतला खटका दाबला की टोक गोगलगायीच्या शिंगासारखं वळतं, पार 270 अंशांपर्यंत. तेवढ्या जाडीत टोक ओढणाऱ्या तारा, उजेड, कॅमेरा, आणि पाणी व लेझरची तार जायला 1.2 मिलिमीटरची एक पोकळ वाट. लवचीक दुर्बीण मूत्रनलिकेत पहिल्यांदा 1960 च्या दशकात घातली गेली; तेव्हा चित्र काचेच्या बारीक तंतूंतून यायचं. एकेक तंतू तुटला की चित्रात एकेक काळा ठिपका. आता टोकालाच कॅमेऱ्याची चिप असते.

मग ताईंनी रोजच्या स्कोपची तपासणी कशी करतात ते सांगितलं, आणि मला एकदम दुकानात आल्यासारखं वाटलं. स्कोपमध्ये हवा भरायची, पाण्यात बुडवायचा, टोक इकडं-तिकडं वळवायचं आणि बुडबुडे येतात का बघायचं. सायकलची ट्यूबच की! बुडबुडा आला तर कुठंतरी कातडं फाटलंय, आत पाणी जाणार, चिप मरणार. सबमर्सिबलचं सील गेलं की वाइंडिंगचं जे होतं तेच.

बुडबुडा आला नाही की खरं काम सुरू. त्या 1.2 मिलिमीटरच्या वाटेतून ब्रश फिरवायचा, रक्त-भुकटीचा कण राहू द्यायचा नाही, मग निर्जंतुक करायचं. वाफेच्या कुकरमध्ये हा स्कोप टाकता येत नाही, उष्णतेनं मरतो. त्यासाठी गॅस किंवा प्लाझ्माचं यंत्र लागतं. यातली एक पायरी चुकली तर आधीच्या रोग्याचे जंतू पुढच्याच्या किडनीत. अमेरिकेच्या औषध प्रशासनानं एप्रिल 2021 मध्ये दवाखान्यांना सावध केलं होतं. 2017 पासूनच्या चार वर्षांत लघवीमार्गाच्या अशा धुऊन वापरायच्या दुर्बिणींबद्दल संसर्गाच्या किंवा दूषित राहिल्याच्या शक्यतेच्या 450 हून अधिक नोंदी त्यांच्याकडे आल्या होत्या.

दुसरा पर्याय एकदाच वापरायच्या स्कोपचा. 2016 च्या सुमारास तो जगभर फिरू लागला. सीलबंद पाकीट फोडा, वापरा, टाका. धुण्याची भानगड नाही, दुरुस्ती नाही. पण प्रत्येक रोग्यामागं नवी किंमत. कुठला स्वस्त? 2017 च्या एका अमेरिकी हिशेबात जवळपास शंभर ऑपरेशनांपर्यंत टाकाऊ स्कोप परवडला, त्यापुढं धुऊन वापरायचा. ते त्यांच्या भावानं. आमच्या धंद्यातही तेच गणित आहे : वर्षाला दोन मोटरी भरणाऱ्यानं रिवाइंडिंगचं दुकान काढू नये.

मला वाटलं होतं, निदान पर्यावरणाच्या बाबतीत तरी टाकाऊवाला हरणार. नाही. मेलबर्नच्या डॉक्टरांनी 2018 मध्ये मोजलं, तर टाकाऊ स्कोपमागं एका ऑपरेशनला 4.43 किलो कार्बन डायऑक्साइड, धुऊन वापरायच्यामागं 4.47. एकाचा बहुतेक भार कारखान्यात पडतो, दुसऱ्याचा धुण्या-निर्जंतुकीकरणात. हा एकाच दवाखान्याचा हिशेब आहे, आणि मला तो अजून पुरता पटलेला नाही. तांबं उतरवून किलोनं विकणारा माणूस मी, चिप फेकली की पोटात कालवतं.

माझा निर्णय मात्र खड्याच्या जागेनं केला. खालच्या कप्प्यात जायला स्कोप पूर्ण वळवावा लागतो, त्याच वळणातून लेझरची तार सरकवावी लागते, आणि महागडे स्कोप नेमके तिथंच फाटतात. आधीचा दुरुस्तीला गेला तो अशाच एका खड्यापायी. म्हणून डॉक्टर अशा रोग्यांना टाकाऊ स्कोप वापरतात. मी एकच अट घातली : पाकीट माझ्यासमोर फोडा. ‘एकदाच वापरा’ असं लिहिलेली वस्तूही आपल्याकडं काही ठिकाणी धुऊन पुन्हा काढतात. न भरण्याजोगी मोटर भरून देण्यातलाच हा प्रकार, तो मला कळतो.

भूल देण्याआधी पाकीट दाखवलं, फोडलं. शुद्धीवर आल्यावर मी ताईंना म्हटलं, तो स्कोप मला द्या, दुकानातल्या पोट्ट्याला उघडून दाखवतो. ‘‘नाही काका, तो कापून लाल पिशवीत गेला.’’ कापला? ‘‘कापलाच पाहिजे. नाहीतर कोणीतरी पुन्हा वापरेल.’’

ऑपरेशननंतर मूत्रनलिकेत ठेवलेली नळी काढायला पंधरा दिवसांनी गेलो. या वेळी भूल नाही, नुसती जेली. डॉक्टरांच्या हातात सरळ, जाड, स्टीलची दुर्बीण. दात आवळूनच मी विचारलं, ही किती वर्षांची? अकरा, ते म्हणाले, आणि आम्ही ही कुकरात उकडतो. मग नळी बाहेर आली आणि पुढचा प्रश्न माझ्या तोंडातच राहिला.