वादळात क्रेनचा हात बांधू नका

वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा दाब चौपट होतो. ताशी 36 किलोमीटरला दर चौरस मीटरवर साधारण 6 किलोचा रेटा बसतो. 72 ला तोच 25 किलोच्या घरात जातो. म्हणून लोड चार्टमध्ये (वजन उचलण्याच्या मर्यादेच्या तक्त्यात) आरामात बसणारा शटरिंगचा पॅनेल किंवा पत्र्यांचा गठ्ठाही शिडासारखा वारा धरतो आणि क्रेनला ओढू लागतो.

बऱ्याच टॉवर क्रेन ताशी 72 किलोमीटरच्या पुढे चालवत नाहीत. पसरट मालासाठी त्याच्या कितीतरी आधी थांबावं. नेमकी मर्यादा उत्पादकाच्या पुस्तिकेत असते. काम थांबल्यावर नवख्याला उलटं वाटेल असं करतात: आडवा हात, म्हणजे जिब, जखडत नाहीत. हुक रिकामा करून वर घेतात आणि फिरण्याचा ब्रेक सोडतात. मग जिब आपोआप वाऱ्याच्या दिशेनं वळते. तिच्यावर मोठा फलक टांगणं चूकच, कारण त्यानं हे वळणं बिघडतं.

मक्केत 11 सप्टेंबर 2015 ला वादळात क्रॉलर क्रेन कोसळून शंभरावर माणसं गेली. तिचा बूम, म्हणजे उचलणारा लांब हात, खाली न घेता उभाच ठेवलेला होता. 5 ऑगस्ट 2020 ला मुंबईत वारा ताशी 100 किलोमीटरच्या पुढे गेला, तेव्हा न्हावाशेव्याच्या बंदरात तीन महाकाय क्रेन आडव्या झाल्या.

पावसाळ्यात मोबाइल क्रेनला खालची मातीही दगा देते. आउटरिगरखाली, म्हणजे क्रेनच्या बाजूला पसरलेल्या आधारपायांखाली, जाड फळ्या घालाव्यात, आणि रात्रभर पाऊस झाला असेल तर सकाळी ती जागा पुन्हा तपासावी.