न विचारतां घडलेला शेजारधर्म

अमेरिकेंत स्थायिक झालेल्या लेकीकडे वा मुलाकडे चार-सहा महिने राहून आलेली वडील मंडळी आतां पुष्कळ कुटुंबांत आढळते. तेथें बोललें असतां उत्तर देणारा 'ईको' व दारावरील 'रिंग'चा कॅमेरा यांचें तिला मोठें कौतुक वाटतें. परंतु यांपैकीं कांहीं यंत्रें घरचें इंटरनेट शेजारपाजारच्या यंत्रांसहि पुरवितात, ही गोष्ट घरधन्यासहि अनेकदां ठाऊक नसते.

८ जून २०२१ रोजीं ॲमेझॉन कंपनीनें अमेरिकेंत 'साइडवॉक' ही योजना सुरू केली. ज्या घरीं ईकोसारखें यंत्र असेल, तेथील इंटरनेटचा अल्प अंश आसपासच्या यंत्रांसाठीं खुला ठेवावयाचा. म्हणजे शेजाऱ्याचें इंटरनेट बंद पडलें तरी त्याच्या कॅमेऱ्याचा इशारा आपल्या घरावरून पुढें जातो. या अंशास सेकंदाला ८० किलोबिट व महिन्याला ५०० मेगाबाइट अशी मर्यादा आहे, आणि निरोपांवर सांकेतिक लिपीचीं तीन आवरणें असतात. एवढें श्रेय कंपनीला दिलेंच पाहिजे.

आमचा आक्षेप संमतीविषयीं आहे. ज्यांच्या घरीं हीं यंत्रें आधींच होतीं, त्यांच्याकडे योजना आपोआप सुरू झाली. नको असेल त्यानें ती शोधून बंद करावी! शेजारणीस विरजण द्यावयाचें तें गृहिणी आपल्या हातानें देते. दूधवाला तिच्या फडताळांतून परस्पर काढून देत नाहीं.

शिवाय कंपनीच्या शब्दावर किती विसंबावें? रिंग ही ॲमेझॉनचीच. तिच्या नोकरांस गिऱ्हाइकांचीं खाजगी चित्रणें पाहतां येत होतीं, एकानें तर स्त्रियांच्या शयनगृहांतील चित्रणें कित्येक महिने पाहिलीं, असा आरोप अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशननें २०२३ मध्यें ठेवला. ५८ लक्ष डॉलर भरून कंपनीनें तो मिटविला. तीं चित्रणें साइडवॉकमधून फुटलीं नव्हतीं, हें खरें; तरी किल्ल्या कोणाच्या कमरेला आहेत, हें पाहावेंच लागतें.

एकत्र कुटुंबांत तर एकानें मोबाइलवर 'मान्य' म्हटलें कीं तें दहाजणांच्या वतीनें होतें. सासूबाईंस वा माहेरीं आलेल्या लेकीस कोण विचारतो?

अलेक्साच्या ॲपमध्यें 'सेटिंग्ज' व मग 'अकाउंट सेटिंग्ज' येथें साइडवॉक बंद करतां येतें. पुढच्या खेपेस जाणाऱ्या आजीआजोबांनीं मुलास जवळ बसवून तेवढें पाहून घ्यावें. आणि जुनें यंत्र कोणास देण्यापूर्वीं तें आपल्या खात्यांतून काढावयास सांगावें.